प्लास्टिक वास खातं

तिरल्याला आत्याकडे गेलं की परतताना गोडा मसाला मिळणारच. गेल्या मे महिन्यात तिने स्टीलचा फिरकीचा डबा पुढे केला. मी म्हटलं, "आत्या, जड होतो गं. प्लास्टिकच्या डब्यात दे ना."

"देते, पण प्लास्टिक वास खातं हो," ती म्हणाली. मी हसलो.

दोन महिन्यांनी बंगळुरूत आमटी केली, तर मसाला अगदी मवाळ लागला. रिकामा डबा दोनदा घासून त्यात साखर भरली. दुसऱ्या दिवशी चहाला लवंगेचा वास!

मित्रांनो, आत्याचं म्हणणं अगदी खरं आहे. पॉलिथिनसारखं प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा गुंता, ताटात पडलेल्या शेवयांसारखा. मसाल्याचा वास असतो त्यातल्या उडून जाणाऱ्या तेलांत. त्यांचे बारीक रेणू या गुंत्यातल्या फटींत शिरतात. पॉलिथिनचा स्वभावही तेलकट, त्यामुळे ते तिथे सहज विरघळतात. मसाला हवेनेही उतरतो, पण डबाही आपला वाटा घेतो. माळव्यातल्या उन्हाळ्यासारखी उष्णता असली, की हे आणखी वेगाने होतं.

संत्र्याच्या रसाचंही तेच. रसाच्या कागदी खोक्याला आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो. संत्र्याच्या वासातलं लिमोनीन त्यात मुरतं आणि रसाचा ताजा वास कमी होतो.

आत शिरलेला वास परत बाहेरही येतो, पण हळूहळू. साबण फक्त पृष्ठभाग धुतो, आतलं तसंच राहतं. म्हणून लवंग साखरेत उतरली.

काच आणि स्टील यांत असे रेणू शिरू शकत नाहीत. पाण्याच्या बाटल्यांचं पेट प्लास्टिक पॉलिथिनपेक्षा पुष्कळ कमी वास शोषतं. मसाल्याच्या अनेक पाकिटांत मधे ॲल्युमिनियमचा थर असतो. तो वास बाहेर जाऊ देत नाही, पण सर्वांत आतला थर बहुधा पॉलिथिनचाच असतो, कारण तो गरम करून पाकीट चिकटवता येतं.

तेव्हा घरचा मसाला काचेच्या बरणीत किंवा स्टीलमध्ये, थंड जागी ठेवा. प्लास्टिकच वापरायचं असेल, तर मसाल्याचा डबा कायमचा मसाल्यालाच ठेवा.

हे सगळं आत्याला फोनवर समजावून सांगितलं. शांतपणे ऐकून ती म्हणाली, "मग मी काय वेगळं सांगितलं होतं?"

या वेळी जड डबा मुकाट्याने घेऊन आलो आहे.