खरे ब्रह्मकमळ कोणते?

पावसाळा आला की आपल्या वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास येते. अमक्यांच्या घरी एका रात्रीत बारा ब्रह्मकमळे उमलली! शेजारीपाजारी जमतात, कुंडीला हळदकुंकू वाहिले जाते, एखादे उत्साही काका आरतीही सुरू करतात. फूल देखणे असते, यात वाद नाही. वाद आहे तो नावाचा. ते झाड म्हणजे मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे एक निवडुंग. पानासारखा दिसणारा खोडाचा तुकडा मातीत खोचला की जगते. मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे असे करीत ते साऱ्या महाराष्ट्रभर पसरले आहे. त्याची काळजी करण्याचे काहीच कारण नाही.

काळजी आहे ती खऱ्या ब्रह्मकमळाची. ते हिमालयात सुमारे ३७०० ते ४६०० मीटर उंचीवर, झाडांची हद्द संपल्यावर, खडकांच्या आडोशाने वाढते. कुळ सूर्यफुलाचे, कमळाशी नाते नावापुरतेच. जांभळट फुलांचा गुच्छ मध्ये असतो आणि त्याभोवती फिकट पिवळसर-हिरव्या, कागदासारख्या पातळ पानांची ओंजळ. आपण ज्यांना पाकळ्या समजू ती ही पाने. उन्हाची ऊब आत धरून ठेवायची आणि पावसाचा, थंडीचा मारा बाहेर थोपवायचा, हे त्यांचे काम. वर्षातले जेमतेम तीनचार महिने बर्फ दूर होते. तेवढ्यात उमलून बी धरले तर धरले.

आणि नेमक्या याच दिवसांत यात्रेकरू वर पोहोचतात. केदारनाथ-बद्रीनाथला हे फूल देवाला वाहतात, म्हणून ते खुडले जाते, विकलेही जाते. एक फूल खुडले की त्याचे त्या वर्षीचे सगळे बी गेले. पूर्वी तिथल्या गावांतून नंदाष्टमीच्या आधी ही फुले तोडू नयेत असा दंडक होता. नंदाष्टमी भाद्रपदात येते. तोवर निदान काही फुलांना बी धरायला अवसर मिळे. ज्यांनी हा नियम घातला त्यांनी वनस्पतिशास्त्राचे पुस्तक उघडले नव्हते, पण डोंगर त्यांना ठाऊक होता. खालून मोटारीने येणाऱ्या आपणाला ना डोंगर ठाऊक, ना दंडक. या यात्रेकरूंत मराठी माणसे थोडीथोडकी नसतात.

या फुलाला मानाची वाण नाही. १९८२ साली टपाल खात्याने हिमालयातील फुलांची तिकिटे काढली, त्यांत ते होते. त्याच वर्षी व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचे राष्ट्रीय उद्यान झाले. २००० साली स्थापन झालेल्या उत्तराखंडाचे ते राज्यपुष्पही आहे. तरी तिथले अभ्यासक त्याला धोक्यात आलेल्या वनस्पतींत मोजतात. याचेच एक भावंड म्हणजे कुठ, आपल्या काष्ठौषधींच्या दुकानातले कोष्ठ. त्याची मुळे पोत्यांनी परदेशी जात. तो व्यापार वजनाने मोजता येत होता, म्हणून कायद्याच्या नजरेत भरला. १९८५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध आहेत आणि आजही तो अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. ब्रह्मकमळ मात्र एकेक करून पूजेच्या तबकात जाते. त्याची पावती कोण फाडणार?

आपल्या कला महाविद्यालयाला या वनस्पतिशास्त्राशी काय करायचे आहे, असे कुणी विचारील. मला वाटते, बरेच काही. ज्या वस्तूचे नाव गच्चीगच्चीवर फुललेल्या दुसऱ्याच वस्तूला दिले जाते, ती वस्तू दुर्मिळ झाल्याचे कुणाला खरे वाटत नाही. ‘ब्रह्मकमळ संपत चालले? छे, आमच्याकडे काल सात आली!’ हे उत्तर मी शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकले आहे. शब्द हा तर आपला विषय. निवडुंगाला ‘निशाकमळ’ असे सुरेख मराठी नाव आहे. ते वापरायला कुणाची हरकत आहे? आपल्या भित्तिपत्रकापासून सुरुवात करता येईल. आणि सुटीत कुणी केदारनाथला निघालेच, तर घरून बेलाची पाने न्यावीत. शंकराला ती आवडतात, याबद्दल कोणत्याही पुराणात दुमत नाही.