मोळी आणि वर्दी

आमच्या लहानपणी आई पहाटेच सरपणाला निघायची. वाळल्या काटक्यांची मोळी डोक्यावर घेऊन परतताना वस्तीतल्या बाया एकाच माणसाला भ्यायच्या, तो म्हणजे नाकेदार. मोळी गेली की त्या दिवशीची चूल थंड. त्यामुळे वनखात्याची वर्दी म्हटली की आमच्या पिढीला धडकीच आठवते. तीच वर्दी आपल्या मुलामुलींनी घालावी, असे आज आम्ही सांगत आहोत.

2023 च्या वनरक्षक भरतीच्या वेळी वस्तीतला एक मुलगा अर्ज भरून घ्यायला आमच्याकडे आला. बारावी पास, धावण्यात तरबेज. परंतु या जागेसाठी बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक तरी विषय लागतो. कला शाखेच्या या मुलाने त्यातला एकही घेतला नव्हता. अर्ज तिथेच थांबला. अकरावीत विषय निवडताना त्याला सांगणारे कोणी नव्हते. दोष त्याचा नव्हे, आम्हा शिकलेल्यांचा आहे.

वनरक्षक म्हणजे नुसता काठी घेऊन फिरणारा नव्हे. आपल्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्यच घ्या. काळविटांसाठी 2000 साली जाहीर झालेले हे अभयारण्य सुमारे 18 चौरस किलोमीटरचे आहे. काळविटाला दाट झाडी नको, मोकळे गवताळ रान हवे. तेव्हा गवत राखणे, जाळरेषा काढून वणवा अडवणे, शिकाऱ्यांवर नजर ठेवणे, प्राण्यांची गणना करणे ही कामे आलीच. रोही, रानडुकरांनी पीक खाल्ले तर पंचनामाही करावा लागतो. त्या कागदावर कोरडवाहू शेतकऱ्याची भरपाई अवलंबून असते. कामात धोकाही आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोब्यात पाहणीच्या कामावर असलेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला.

2023 च्या भरतीत वयाची अट 18 ते 27 होती व मागासवर्गीयांना 5 वर्षांची सवलत होती. लेखी परीक्षा 120 गुणांची, धावणे 80 गुणांचे. मुलांना 5 किलोमीटर, मुलींना 3. म्हणजे पहाटेचा सराव आणि अभ्यास दोन्ही हवेत. जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे.

वनरक्षकाला पुढे वनपालपदी बढती मिळू शकते. वनक्षेत्रपाल व सहायक वनसंरक्षक या पदांची परीक्षा राज्य लोकसेवा आयोग घेतो. भारतीय वनसेवेची परीक्षा केंद्रीय आयोगाची, प्रशिक्षण डेहराडूनला. तिला ठराविक विज्ञान विषयांची, कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, आमच्यासारख्या बी.कॉम.वाल्याला ते दार बंद. वनशास्त्राची पदवी मात्र शेजारीच, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात मिळते.

पालकहो, दहावीचा निकाल लागला की शेजारच्या मुलालाही विचारा, 'अकरावीला विषय कोणते घेतोस?' आणि वर्दी चढवलेल्या लेकरांनो, समोर मोळीवाली बाई उभी राहील तेव्हा कायदा जरूर सांभाळा. पण तिच्याशी बोलताना आपल्या आजीचे डोके आठवा.