गिधाडांना दिलेला न्याय कोयत्यालाही द्या!

डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने गिधाडे मरतात, हे 2004 साली संशोधकांनी दाखवून दिले. ते औषध टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी त्याचे मांस खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. भारत सरकारने 2006 साली जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचतात हे ध्यानात येताच, 2015 साली 3 मिलिलिटरहून मोठी कुपी विकणेच बंद केले. 2023 साली एसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन या वेदनाशामकांनाही गोठ्याची दारे मिटली. हे सगळे योग्य झाले आणि आम्ही त्याचे मनापासून स्वागत करतो. पण ज्या सरकारला पक्ष्याचे मूत्रपिंड दिसले, त्याला बीड, अहिल्यानगर, जालन्याहून कोल्हापूर-सांगलीच्या उसाच्या फडात तोडणीला उतरणाऱ्या माणसाचे मूत्रपिंड अजून का दिसत नाही?

दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. पहाटे अंधारात कोयता हातात येतो, मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरावी लागते, आणि रात्री-अपरात्री गाडी आली तर तेव्हाही उठावे लागते. ताप आला, कंबर धरली, पाळी आली, तरी सुटी नाही. सुटी घेतली की खाडा, आणि खाडा म्हणजे दंड. बाई काय करणार? ती वेदनाशामक गोळी घेते. सकाळी एक, दुपारी एक, गाडी भरायची असेल तर रात्री आणखी एक. पाणी कमी पिते, कारण फडात आडोसा नसतो. उन्हात घाम गाळत, अर्धपोटी, तहानलेल्या शरीरात ती हे औषध रोज ओतते. ही तिची अडाणी सवय आहे असे म्हणणाऱ्यांची आम्हाला शरम वाटते. तिला गोळी खायला लावणारा खाडा आहे.

आता या औषधाचे काम समजून घ्या. शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये सूज आणि वेदना निर्माण करतात. ती तयार होणे ही औषधे रोखतात. जॉन वेन यांनी हे 1971 साली उलगडले आणि 1982 साली त्यांना नोबेल मिळाले. पण हीच द्रव्ये जठराचे अस्तर राखतात आणि शरीर तहानलेले असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. वेदना थांबवताना गोळी ही राखणही काढून घेते. म्हणून घामाने कोरड्या पडलेल्या माणसाला या गोळीचा धोका सर्वांत मोठा. त्यातच तो रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी घेत असेल, तर तिन्ही मिळून मूत्रपिंड अचानक बंद पाडू शकतात.

आणि बाजारात काय चालले आहे? डायक्लोफिनॅकच्या गोळ्या अनुसूची ‘एच’मध्ये येतात. चिठ्ठीशिवाय त्या विकणे कायद्याने मना आहे, पाकिटावर तसा इशारा छापलेला असतो. तरीही त्या शेंगदाण्यासारख्या सुट्ट्या विकल्या जातात. गावोगावी तीन-चार रंगांच्या गोळ्यांची निनावी पुडी बांधून मिळते. तिच्यात एकाच जातीची दोन वेदनाशामके आणि वर स्टेरॉइड असू शकते, आणि घेणाऱ्याला नावही कळत नाही. ज्याचे नाव सांगता येत नाही असे औषध देणारा माणूस वैद्य नव्हे, तो गुन्हेगार आहे!

दोन भ्रम तर आधी मोडले पाहिजेत. ‘सुई टोचली की पोटाला त्रास नाही’, हा पहिला. औषध रक्तातून जठरापर्यंत पोहोचतेच, सुईने अल्सर टळत नाही. ‘सोबत गॅसची गोळी घेतली की झाले’, हा दुसरा. ती गोळी जठराला सांभाळते, मूत्रपिंडाला आणि हृदयाला मुळीच नाही.

आमचा रोष औषधावर नाही. सांधेदुखीने जखडलेल्याला, शस्त्रक्रियेनंतर कण्हणाऱ्याला त्याने दिलासा दिला आहे. ते नीट घेता येते. साध्या तापाला आणि अंगदुखीला आधी पॅरासिटामॉल पाहावे, तेही ठरलेल्या मात्रेतच. गुडघा किंवा मनगट दुखत असेल तर मलम चोळले तरी पुष्कळदा भागते. गोळी लागलीच, तर जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत, कमीत कमी मात्रेत, मोजक्या दिवसांसाठी घ्यावी. नावे निराळी असली तरी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक एकाच घराण्यातली आहेत. दोन एकत्र कधीही नकोत. मूत्रपिंडाचा विकार, अल्सर, हृदयविकार, दमा असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्यावाचून या गोळ्यांना हात लावू नये. डेंग्यूची शंका असेल तर मुळीच नको, रक्तस्राव वाढतो. शौच डांबरासारखे काळे झाले, लघवी कमी झाली, पाय सुजले, छातीत दुखले, तर गोळी बंद करून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पण हे सारे फडातल्या बाईला सांगून हात झटकायचे काय? जेवणानंतर घे म्हणावे, तर जेवण कुठे? भरपूर पाणी पी म्हणावे, तर पाणी आणि शौचालय कुठे? ऊसतोड कामगारांसाठी कल्याणकारी महामंडळ आहे, कारखान्यांकडे संचालक आहेत, सरकारकडे अन्न व औषध प्रशासन आहे. येत्या गाळपाचे बॉयलर पेटण्याआधी आजारपणाचा खाडा कायमचा रद्द झाला पाहिजे. प्रत्येक तळावर पिण्याचे पाणी, शौचालय आणि मूत्रपिंडाची साधी रक्ततपासणी आली पाहिजे. चिठ्ठीविना गोळ्या विकणाऱ्यांचे आणि निनावी पुड्या बांधणाऱ्यांचे परवाने तपासून कारवाई झाली पाहिजे, आणि ती दुकानांच्या नावांनिशी जाहीर झाली पाहिजे. या कारवाईसाठी नवा कायदा लागत नाही. 1940 चा औषध कायदा आहे, तो लागू करा!