राखाडी-पांढरा हॉल आणि आपला अपरिग्रह



दिवाळी झाली की रंगकामाचे दिवस सुरू होतात. गेली काही वर्षं कुणाच्याही नव्या हॉलमध्ये पाऊल ठेवा, रंग एकच. भिंती पांढऱ्या, टीव्हीमागची एक भिंत राखाडी, सोफा राखाडी, पडदे पांढरे आणि खाली राखाडी शिरांच्या पांढऱ्या टाइल्स. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "आम्हाला बाई साधंच आवडतं." मग बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतं, "आपल्या जैनांना शोभतं हो. किती अपरिग्रही वाटतं!"

रंगाबद्दल माझी काही तक्रार नाही, पण हे शेवटचं वाक्य मला पटत नाही.

मुळात हे दोन रंग आपल्याकडे नवे नाहीत. आपल्या आज्यांच्या घरांत खाली शहाबादी फरशी असायची आणि भिंतींना चुना. म्हणजे राखाडी आणि पांढराच की! पण तेव्हा त्याला कुणी अपरिग्रह म्हणत नव्हतं. जवळ मिळायचं, परवडायचं, उन्हाळ्यात थंड राहायचं म्हणून ते होतं. आणि त्या पांढऱ्या भिंतीपुढे वापरातली तांब्याची घागर, दांडीवरची वाकळ, कोनाड्यातली जपमाळ असे घराचे रंग दिसायचे. आज तीच घागर "थीमला जात नाही" म्हणून मोडीत निघते, धडधाकट सागवानी कपाट कवडीमोलाने जातं आणि त्याजागी पांढऱ्या लॅमिनेटचं नवं येतं. चांगली वस्तू टाकून नवी आणायची आणि त्याला साधेपणा म्हणायचं, हे गणित मला जमत नाही.

उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहाला ‘मूर्च्छा’ म्हटलं आहे. वस्तूवर जीव जडणं, तिच्यापायी भान हरपणं, तो परिग्रह. मग बघा, पांढऱ्या सोफ्यावर नातवाने वरणभाताचा हात लावला म्हणून आजी ओरडते, पाहुण्याच्या हातातल्या चहाच्या कपावरून यजमानीणबाईंची नजर हटत नाही. ही मूर्च्छा नाही तर काय? ज्या खोलीत माणसं बिचकत बसतात, ती खोली कितीही मोकळी दिसली तरी वस्तूंच्याच ताब्यात गेलेली असते.

शिवाय ती मोकळी दिसते कशी, तेही पाहू. सगळं सामान कडी नसलेल्या बंद कपाटांत जातं. बाहेर एक फुलदाणी, आत चार डिनरसेट. आपल्याकडे गृहस्थाला परिग्रह-परिमाण व्रत सांगितलं आहे, त्यात मोजून मर्यादा घालायची असते. शेत, घर, सोनं-चांदी, धान्य, कपडे, भांडी, सगळं त्या मोजणीत येतं. डोळ्यांआड ठेवलेलं मोजायचं नाही, अशी सूट कुठेही नाही. म्हणून माझं मत असं की, पेंटरला बोलवायच्या आधी कपाटं उघडा. किती चादरी, किती पातेली, किती न वापरलेल्या भेटवस्तू, एका कागदावर लिहा. जास्तीचं वापरणाऱ्याच्या हाती द्या. त्यानंतर भिंत गुलाबी केलीत तरी घर अपरिग्रहाकडे एक पाऊल सरकलेलं असेल.

पाठशाळेत सगळ्यांनी लेश्यावृक्षाचं चित्र पाहिलं असेल. फळांनी लगडलेलं झाड आणि सहा भुकेले वाटसरू. एकाला झाड मुळासकट उपटायचंय, दुसऱ्याला खोड तोडायचंय, तिसऱ्याला फांद्या. शेवटचा मात्र खाली पडलेली फळं वेचून खातो. त्याची शुक्ल लेश्या, म्हणजे पांढरी. आणि फांद्या तोडणाऱ्याची कापोत, म्हणजे पारव्याच्या रंगाची, आपल्या भाषेत राखाडी! ती तीन अशुभ लेश्यांत मोजली जाते. दुसऱ्याला नावं ठेवणं आणि स्वतःची स्तुती करणं ही तिची लक्षणं सांगितली आहेत. आता घाबरून राखाडी पडदे काढू नका. भिंतीच्या रंगाने आत्म्याला रंग चढत नाही, भाव-लेश्या मनातून येते. पण मग पांढऱ्या भिंतीनेही शुक्ल लेश्या येत नाही, हेही ओघानेच आलं. नवा हॉल दाखवताना जावेच्या जुन्या हॉलला हसलो, तर लेश्या कोणती ते ज्याचं त्याने ओळखावं.

एका बाबतीत मात्र मी पांढऱ्याच्या बाजूने आहे, ती म्हणजे जमीन. मुनिराज चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात. आपल्याला तेवढं साधत नाही, पण मुंगी दिसली तर पाय तरी आवरता येतो. फिक्या, एकरंगी फरशीवर मुंग्यांची रांग लगेच दिसते. ठिपक्याठिपक्यांच्या राखाडी ग्रॅनाइटवर ती पायाखाली आल्यावरही कळत नाही. "राखाडीवर धूळ दिसत नाही" हा दुकानदाराचा गुण आपल्यासाठी दोषच आहे. जे दिसत नाही, ते झाडायचं राहतं आणि मग तिथेच जीव होतात.

पण फरशी आणि भिंती सारख्याच पांढऱ्या केल्या, पायरीही पांढरी, तर घरातल्या वयस्कर माणसांचे हाल होतात. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना फरशी कुठे संपली आणि पायरी कुठे सुरू झाली हे कळत नाही. माझ्या सासूबाई अशा घरी गेल्या की भिंतीला हात लावून चालतात. पायरीच्या कडेला गडद पट्टी लावा, पांढऱ्या भिंतीवरची बटणं गडद चौकटीत बसवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडू नये, ही अहिंसा घरातूनच सुरू होते.

आता सामानाचं. रंग पाहण्याआधी वस्तू कशाची आहे ते विचारा. राखाडी लेदरचा सोफा म्हणजे कातडं. पांढरे रेशमी पडदे म्हणजे उकळलेले कोष. काचेच्या कपाटात शोभणारं पांढरंशुभ्र बोन चायना हे नावाप्रमाणेच हाडांची राख घालून करतात, त्यात चहा देताना आपल्याला कसं चालतं? लाखेचं स्पिरिट पॉलिश किड्यांच्या लाखेपासून होतं, रंगाचे काही ब्रश डुकराच्या केसांचे असतात. सुती कापड, साधी चिनी माती किंवा स्टील, नायलॉनचे ब्रश, हे सगळं सहज मिळतं. सोफ्याला काढून धुता येतील अशी सुती खोळ शिवा. हळदीचा डाग पडला तर धुऊन कडक उन्हात वाळत घाला, ऊन हळदीचा रंग उडवतं. मग नातवावर ओरडायचं कारणच उरत नाही.

दिवेही तसेच. राखाडी-पांढऱ्या खोलीला इंटीरियरवाले अनेकदा पांढरा, निळसर प्रकाश सुचवतात. 6500 केल्विनच्या अशा दिव्यांवर किडे जास्त येतात. 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर एलईडी लावला की ते कमी येतात. फॉल्स सीलिंगच्या खोबणीत दिवे बसवले तर तिथे पडलेले किडे झाडायला हातही पोचत नाही, म्हणून ती खोबण मी टाळायलाच सांगते. आणि रंगकाम पावसाळ्यात काढू नका. ओल्या हवेत रंग लवकर वाळत नाही आणि तोवर त्यावर चिलटं चिकटत राहतात. घासकाम सुरू होण्याआधी मऊ कुंच्याने कोळी बाहेर काढा, कुंभारमाशीचं घर असेल तर त्यातले जीव निघून जाईपर्यंत तेवढा कोपरा सोडा. पेंटर हसेल, हसू दे.

तर मैत्रिणींनो, राखाडी-पांढरा हॉल आवडत असेल तर जरूर करा. आवड आहे म्हणून करा आणि तसंच सांगा. अपरिग्रहाचं नाव त्याला देऊ नका. तो शब्द आपल्या मुनी-आर्यिकांनी जगून दाखवला आहे, शेड कार्डवरून तो निवडता येत नाही. आपल्याला त्यातलं थोडं जरी साधायचं असेल, तर या आठवड्यात एक कपाट उघडा आणि मोजायला लागा. मीही स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीपासून सुरुवात करते आहे.

जय जिनेंद्र.