सहा गुण जास्त, तरी मागे

आमच्या जेवणाच्या टेबलावर भाची आणि तिची मैत्रीण कागद-पेन घेऊन बसल्या होत्या. उत्तरतालिका आली तेव्हाच दोघींनी आपापले गुण मोजून ठेवले होते. भाचीचे १४२, मैत्रिणीचे १३६. निकाल लागला आणि पर्सेंटाइल मैत्रिणीचं जास्त निघालं. "मामा, सहा मार्क जास्त असून मी मागे कशी?"

दोघींनी दिलेल्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या एमएचटी-सीईटीच्या गणित गटाची रचना तशी सरळ आहे. भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, एकूण २००. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. गुंता सुरू होतो तो पुढे. परीक्षा अनेक दिवस, अनेक शिफ्टमध्ये होते आणि प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा असतो. म्हणून मुलाची तुलना त्याच्या शिफ्टमधल्या मुलांशीच करतात. शिफ्टला २० हजार मुलं बसली आणि त्यातल्या १९ हजारांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी असले, तर तुमचं पर्सेंटाइल ९५. भाचीचा पेपर सोपा गेला तसा तो तिच्या शिफ्टमधल्या सगळ्यांनाच सोपा गेला होता. तिचे १४२ तिथे फारसे उठून दिसले नाहीत.

हे मला पटतं, पण एका अटीवर. प्रत्येक शिफ्टमध्ये हुशार आणि बेताची मुलं साधारण सारख्या प्रमाणात बसली, असं हे सूत्र धरून चालतं. हजारो मुलं सरमिसळ वाटली गेली तर ते बहुतेक खरं ठरतं. पण प्रवेशाच्या यादीत 'बहुतेक' पुरत नाही. चार लाखांवर मुलं बसतात, तिथे पर्सेंटाइलमधला ०.१ चा फरक म्हणजे चारशेहून जास्त मुलं. पुण्याच्या सीओईपीत किंवा माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये हवी ती शाखा मिळणं-न मिळणं तेवढ्यावर ठरतं.

मग सगळ्यांना एकच पेपर, एकाच दिवशी द्यावा का? अनेक पालक हेच मागतात, आणि त्यांची तळमळ मला कळते. पण ५ मे २०२४ ची 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा आठवा. देशभर २३ लाखांहून अधिक मुलं, एक दिवस, एक पेपर. पाटणा आणि हजारीबागला पेपर फुटला आणि पुढचे अडीच महिने सगळ्यांचाच जीव टांगणीला लागला. सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा रद्द करायला नकार दिला, तेव्हा कुठे प्रवेश मार्गी लागले. उलट २७ एप्रिल २०२५ ला सीईटीच्या एका शिफ्टमध्ये गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकले, तेव्हा फेरपरीक्षा त्या एका शिफ्टपुरती, ५ मे रोजी घेता आली. त्या मुलांना पुन्हा बसावं लागलं, हे वाईटच. पण बाकीच्यांची परीक्षा शाबूत राहिली.

म्हणून शिफ्ट राहू द्याव्यात, असं माझं मत आहे. खटकतो तो आडपडदा. निकालपत्रावर नुसतं पर्सेंटाइल छापून येतं. त्याच्या शेजारी मूळ गुण का नसावेत? आणि प्रत्येक शिफ्टला किती मुलं बसली, किती गुणांना किती पर्सेंटाइल मिळालं, हा तक्ता सर्वांसमोर का नसावा? यावर एक आक्षेप रास्त आहे. मूळ गुण दिसले की दोन शिफ्टच्या मुलांची थेट तुलना होईल, गैरसमज वाढतील, कोर्टकज्जे होतील. पण मुलं ती तुलना आजही करतातच, अर्धवट माहितीवर. एकूण पर्सेंटाइल म्हणजे तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नव्हे, ते एकूण गुणांवरून वेगळं काढतात, एवढी साधी गोष्टसुद्धा कितीतरी घरांत ठाऊक नसते. तक्ता हातात असता तर १४२ आणि १३६ चा उलगडा मी भाचीला पाच मिनिटांत करून दिला असता.

त्या संध्याकाळी मी कागदावर २० हजार आणि १९ हजारांचं उदाहरण मांडलं. तिने मान डोलावली, मग विचारलं, "पण माझ्या शिफ्टला खरे किती जण होते?" मी पेन खाली ठेवलं.