फुकट मिळाले म्हणून बेवारस नव्हे!

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याने एक दोष-अहवाल लिहिला आणि जगभरातील असंख्य संगणक एका मोठ्या घरफोडीतून वाचले. हा गृहस्थ सुरक्षातज्ज्ञ नव्हे. मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणारा, पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसवर काम करणारा माणूस. चाचण्या घेत असताना त्याला दिसले की दूरच्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! आपण तिकडे लक्षही दिले नसते. त्याने दिले, माग काढला आणि 'एक्सझेड' या फाइल दाबून लहान करणाऱ्या साध्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरदरवाजा बसवला असल्याचे पुराव्यांसह जगापुढे मांडले. लिनक्सच्या मोठ्या वितरणांच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत तो दरवाजा पोहोचला होता. सर्वसामान्यांच्या वापरातील स्थिर आवृत्त्यांत शिरायच्या आत तो पकडला गेला.

आता हा दरवाजा बसला कसा, ते पाहा. एक्सझेडचा सांभाळ लासे कॉलिन हा फिनलंडचा प्रोग्रामर वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने करीत होता. पगार नाही, मानधन नाही. २०२१ च्या सुमारास 'जिया टॅन' असे नाव धारण केलेली व्यक्ती दुरुस्त्या पाठवू लागली. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी कॉलिनमागे तगादा सुरू झाला की कामे रखडली आहेत, दुसऱ्याच्या हाती सूत्रे द्या. हे विनावेतन छंदाचे काम आहे, असे त्याने सांगूनही तगादा थांबला नाही. अखेर जिया टॅनला अधिकार मिळाले आणि पुढे जे व्हायचे ते झाले. ती व्यक्ती कोण, एक की अनेक, हे आजही उघड झालेले नाही. आमच्या मते या प्रकरणात गुन्हेगार एक असेल, परंतु दोषी पुष्कळ आहेत. ज्याच्या श्रमावर मोठमोठ्या कंपन्या उभ्या होत्या त्या माणसाला कुणी मदतीचा हात दिला नाही, आणि जो हात पुढे आला तो चोराचा होता.

वाचक म्हणतील, याच्याशी आपला काय संबंध? संबंध आहे. ई-कोर्ट्स प्रकल्पात जिल्हा न्यायालयांतील खटल्यांची माहिती ज्या केस इन्फर्मेशन सिस्टिमवर चालते, ती मुक्त स्रोत साधनांवर उभी आहे. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच आहे. आपण रोज घेतो. प्रश्न एवढाच की आपण देतो काय?

मुक्त स्रोत म्हणजे मालक नसलेली वस्तू, हा गैरसमज आमच्या वकील बांधवांतही आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हा 'साहित्यकृती'च्या व्याख्येत येतो. ज्याने लिहिला त्याचा हक्क असतोच. तो आपला हक्क सोडत नाही, तर त्या हक्काच्या जोरावर परवाना देतो की वापरा, तपासा, बदला, वाटा. लिनक्स ज्या जीपीएल परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, तो यापुढे जाऊन अट घालतो की बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात तर त्याचा स्रोतही त्याच अटींवर द्यावा लागेल. रिचर्ड स्टॉलमन यांच्या पुढाकारातून निघालेला हा दस्तऐवज आम्ही प्रथम वाचला तेव्हा चकित झालो. कॉपीराइटचे कुंपण वापरून कुणालाच कुंपण घालता येऊ नये अशी ती तजवीज आहे.

येथे आमच्या तरुणांना एक व्यावसायिक इशारा देतो. त्याच कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. पुण्यातील कंपनीत बसून लिहिलेला कोड परस्पर मुक्त प्रकल्पाला देऊ नका. नेमणुकीचा करार काढून वाचा, लेखी परवानगी घ्या. ही भीती हवेतली नाही. २००३ साली एससीओ ग्रुप या कंपनीने, आपल्या मालकीचा कोड लिनक्समध्ये घुसवला असा आरोप करून आयबीएमविरुद्ध अब्जावधी डॉलरचा दावा ठोकला होता. युनिक्सचे हक्क मुळात एससीओकडे नसून नॉव्हेलकडे आहेत, असा ज्यूरीचा निर्णय २०१० मध्ये आला, आणि शिल्लक वाद तडजोडीने मिटायला २०२१ उजाडले. या दाव्यानंतर, २००४ पासून, लिनक्समध्ये कोड देणारा प्रत्येक जण 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ लिहून, हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, असे नावानिशी सांगतो. प्रतिज्ञापत्रच म्हणा, फक्त स्टॅम्पपेपर नाही.

परंतु कोड लिहिता येत नाही त्याचे काय? खरे सांगायचे तर बहुतेक प्रकल्पांना कोडइतकीच गरज चांगल्या दोष-अहवालाची असते, आणि तो कसा लिहू नये याचे उदाहरण आम्ही स्वतः आहोत. काही वर्षांपूर्वी एका मुक्त लेखन-प्रणालीत आमचा एक अर्ज बिघडला. 'आचाऱ्यांना' हा शब्द पडद्यावर 'आचार्यांना' असा उमटला! वसतिगृहातील स्वयंपाक्यांच्या थकीत वेतनाचा अर्ज, आणि त्यात पगार मागत होते आचार्य. आम्ही रागाच्या भरात एका ओळीत लिहून टाकले की तुमच्या प्रणालीत मराठी नीट दिसत नाही. आठवड्याभरात उत्तर आले की माहिती अपुरी आहे. राग आला. मग विचार केला, 'आरोपीने वाईट वागणूक दिली' एवढीच फिर्याद घेऊन अशील आला असता तर आम्ही काय केले असते? केव्हा, कुठे, कोणत्या क्रमाने, हेच विचारले असते ना?

दुसऱ्यांदा नीट लिहिले. आवृत्ती कोणती, फॉन्ट कोणता, कोणत्या कळा दाबल्या, काय दिसायला हवे होते, काय दिसले. दोन शब्दांची नमुना फाइल आणि पडद्याचे चित्र जोडले. अक्षराच्या डोक्यावर बसणारा रफार आणि डाव्या अंगाला आडवा चिकटणारा र, या दोहोंनी मराठीत अर्थ बदलतो, हेही समजावले. वाचणाऱ्याला मराठीचे अक्षर माहीत नव्हते; पण त्याला आमचा अहवाल पाहून तीच चूक स्वतःच्या यंत्रावर घडवता आली, आणि काही महिन्यांनी तिसऱ्याच कुणी ती दुरुस्त केली. तोवर आम्हाला आणखी एक गोष्ट कळली होती. हा आडवा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतो: नुक्ता असलेल्या 'ऱ' पासून, किंवा साध्या 'र' नंतर न दिसणारी जोडखूण घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे. एका तऱ्हेने टंकलेला 'कर्मचाऱ्यांना' दुसऱ्या तऱ्हेने शोधला तर सापडेलच असे नाही. निकालपत्रांच्या ढिगात शोध घेणाऱ्या वकिलाला हे किती महागात पडेल? जगातला कितीही हुशार अभियंता हा दोष आपण होऊन ओळखणार नाही. तो मराठी वाचणाऱ्यालाच दिसतो. मल्याळमसाठी स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग या गटाने फॉन्ट, टंकलेखन आणि दुरुस्त्यांचे काम वर्षानुवर्षे चालवले आहे. मराठीतही लोकांनी कामे केली, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस मराठीत आले, परंतु हात मोजकेच.

या जगात फक्त कोड पाहतात, माणूस पाहत नाहीत, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. आम्ही ते जसेच्या तसे मानत नाही. गिटहबवरील दुरुस्त्यांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकंदरीत स्त्रियांच्या दुरुस्त्या पुरुषांपेक्षा अधिक प्रमाणात स्वीकारल्या गेल्याचे दिसले. पण प्रकल्पाला अनोळखी असलेल्या स्त्रीचे स्त्री असणे ओळखू येत होते तेथे तिचे प्रमाण घसरले. नावावरून माणूस जोखला जाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावण्याची गरज नाही. तरीही येथे एक सोय आहे. दुरुस्ती का नाकारली याचे कारण बहुधा सर्वांदेखत लिहावे लागते, आणि ते वर्षानुवर्षे तसेच वाचता येते. बंद दाराआडच्या मुलाखतीत हे नसते.

अभियांत्रिकी आणि विधी महाविद्यालयांत शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींनी या महिन्यात एक काम करावे. रोजच्या वापरातील एखाद्या मुक्त साधनात मराठीचा एक दोष शोधावा, तो आधीच कुणी नोंदवला आहे का ते पाहावे, नसेल तर नीट लिहून पाठवावा. उत्तराला उशीर झाला तर तगादा लावू नये. पलीकडे बसलेला माणूस बहुधा दिवसाची नोकरी संपवून रात्री ते वाचत असतो. अहवाल इंग्रजीत लिहिण्याची अडचण असेल त्यांनी मराठीत लिहून आमच्याकडे आणावा, रविवारी सकाळी आम्ही तो बसून करून देऊ.