विषाणू पुढे, लस मागे

‘दोन्ही मात्रा घेतल्या, तरी आजार झालाच, मग लस घेऊन काय साधले?’ हा प्रश्न आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षात आणि कार्यालयात अजूनही अधूनमधून निघतो. प्रश्न रास्त आहे. मात्र लस फसली, एवढेच त्याचे उत्तर नव्हे.

ते शोधण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जावयास नको. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीत रुग्णसंख्या एकाएकी वाढली, मार्चमध्ये आमच्या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, अंशतः टाळेबंदी आली. त्याच महिन्याच्या २४ तारखेस केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की, महाराष्ट्रातील नमुन्यांत विषाणूच्या काटेरी प्रथिनात ४५२ व ४८४ या स्थानांवर बदल झालेले आढळत आहेत. याच कुळातील एका शाखेला पुढे ‘डेल्टा’ हे नाव मिळाले.

हे प्रथिन १,२७३ अमिनो आम्लांची साखळी आहे. तिच्या ज्या भागाने विषाणू आपल्या पेशीला चिकटतो, नेमक्या त्याच भागावर सर्वांत प्रभावी प्रतिपिंडे बसतात व विषाणूची वाट अडवितात. तेथील एखादे अमिनो आम्ल बदलले की, पेशीवरील पकड कायम राहते, पण प्रतिपिंडाची पकड सुटू शकते. विषाणू हे योजून करीत नाही. प्रती काढताना चुका होतात, आणि पुष्कळ लोकांत प्रतिकारशक्ती आलेली असेल तेथे तिला चुकविणाऱ्या प्रतीच फोफावतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये आढळलेल्या ओमायक्रॉनच्या काटेरी प्रथिनात तर तीसहून अधिक बदल होते. लसीने निर्माण केलेल्या प्रतिपिंडांपैकी बहुतेक त्याच्यापुढे दुबळी ठरली. तथापि टी-पेशी प्रथिनाचे अनेक लहान तुकडे ओळखतात, व त्यांतील बरेचसे बदललेले नव्हते. संसर्ग झाला तरी बहुतेकांचा आजार गंभीर झाला नाही, यामागे हे एक मोठे कारण होते. सहकाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर ते हेच.

सगळेच विषाणू असे निसटत नाहीत. गोवरावरील लसीचे मूळ १९५४ साली एका रुग्णाकडून मिळविलेल्या विषाणूत आहे, आणि ती आजही गुणकारी आहे. कारण प्रतिपिंडे जेथे बसतात तो भाग बदलला तर गोवराच्या विषाणूला पेशीत शिरणेच अवघड होते. उलट, फ्लूच्या लसीचे घटक जागतिक आरोग्य संघटनेला वर्षातून दोनदा तपासावे लागतात. एचआयव्ही तर एकाच रुग्णाच्या शरीरात सतत रूप पालटतो. त्याच्यावरील एका लसीची चाचणी २००५ मध्ये पुण्यात सुरू झाली होती. परिणामकारक लस अद्याप जगात कोठेही नाही.

येथून पुढचा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्याने ओमायक्रॉनसाठी खास लस तयार केली, ही गोष्ट निश्चितच अभिमानाची. परंतु तिला परवानगी मिळाली जून २०२३ मध्ये, म्हणजे ओमायक्रॉन आढळल्यापासून सुमारे १९ महिन्यांनी. तोवर देशात एक्सबीबी हे त्याचेच वेगळे रूप पसरलेले होते आणि लसीची मागणीही ओसरली होती. सीरम इन्स्टिट्यूटने कोव्हिशील्डचे उत्पादन डिसेंबर २०२१ मध्येच थांबविले होते, आणि सुमारे १० कोटी मात्रांची मुदत संपल्याचे पुढे कंपनीनेच सांगितले. असा अनुभव घेतलेला कारखानदार पुढच्या लसीसाठी स्वतःचे भांडवल कशास गुंतवील?

विषाणूच्या न बदलणाऱ्या भागावर नेम धरणारी लस हा खरा उपाय, असे अनेक संशोधक मानतात. फ्लूच्या प्रथिनाच्या देठाकडील भागावर असे प्रयत्न चालू आहेत. पण एकदा घेऊन अनेक वर्षे पुरेल अशी लस दरवर्षी खपणाऱ्या लसीइतका नफा देणार नाही. खाजगी हिशेबात ती तोट्याचीच दिसणार, मग समाजाचा लाभ कितीही मोठा असो. म्हणून तिचा खर्च आणि धोका सरकारनेच उचलला पाहिजे. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था पुण्यात आहे, हाफकिन महामंडळ तर राज्य शासनाच्याच मालकीचे आहे. साथ नसलेल्या वर्षांतही नमुन्यांची जनुकीय तपासणी चालू राहील, आणि लस निघण्यापूर्वीच तिच्या खरेदीची हमी दिली जाईल, अशी स्वतंत्र तरतूद राज्याच्या आगामी अर्थसंकल्पात करण्यास अडचण कोणती, हे अर्थमंत्र्यांनी सभागृहात सांगावे.